ढकलणारा

सिनेमावाल्यांनी मला शोधून काढलं
तेव्हा मी ओबुडाच्या बाजारात छत्र्या दुरुस्त करत होतो.
"वार्याश ओडोन तुम्हीच ना?
तबकड्यांच्या त्या जुन्या कंपनीत होता म्हणे?"
होतो.
"काय काम करायचात?"
ढकलायचो.

हसू नका.
कर्णा एकच, गाणारी एक,
आणि कर्ण्याला हळू-जोराचं काही कळत नाही.
खालचा सूर आला की तिला कर्ण्याच्या तोंडाशी लोटायची,
वरचा आला की खांदे धरून मागे ओढायची,
नाहीतर मेणावरचा काटा उडतो
आणि सकाळभराची मेहनत पाण्यात.
बाकी सगळ्यांना कागदावरचे सूर वाचता यायचे.
मला तिचा श्वास वाचता यायचा, पाठीकडून.

खोली भट्टीसारखी तापवलेली, मेण मऊ राहायला हवं म्हणून.
पियानो पाठ उघडी टाकून खोक्यांवर चढवलेला.
सेलोवाल्याला घरी धाडलेलं, त्याचं वाजवणं उमटतच नसे.
त्याच्या जागी पलटणीतून सुटलेला एक ट्युबावाला,
दोन गाण्यांच्या मध्ये कच्चा कांदा खाणारा.
आणि पडद्याआड हानोव्हरहून आलेले क्लुगेसाहेब,
यंत्र कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून
जेवणही तिथेच उरकणारे.

एतेल्का शोमोदी.
ऑपेरात तिला कोरसच्या तिसऱ्या रांगेत उभी करत.
पातळ आवाज, म्हणायचे.
मेणाला मात्र तोच आवडायचा.

एकोणीसशे सातच्या डिसेंबरात, त्या दिवशी, तिला ताप होता.
झग्यातून माझ्या तळव्यांना चटका बसत होता.
मेणाच्या दोन तबकड्या वाया गेल्या,
गरम कपाटात एकच उरली.
क्लुगेसाहेबांचं बोट पडद्याबाहेर आलं. चला.

ती गायली. मी लोटलं, मी ओढलं.
शेवटच्या कडव्यात, त्या उंच सुराच्या उंबऱ्यावर
मला वाटलं ही पडते आता,
आणि मागे ओढायचं सोडून
मी तिला नुसतं धरलं.
अर्धा क्षण असेल. तेवढाही नसेल.
मग घाईनं ओढलं, तर
बाहीचं पितळी बटण कर्ण्याला लागलं.

टक्.

काटा उडाला नाही.
"चालेल," पडद्यामागून आवाज आला.
"मध्येच थांबलात का?" तिनं शालीत तोंड खुपसून विचारलं.
हात घसरला, म्हणालो.
मार्चमध्ये ती फियुमेला गेली,
जहाज कंपनीतल्या एका कारकुनाशी लग्न करून.
तबकडीच्या चौदा हजार प्रती खपल्या.
काळी लाख, मधोमध सोनेरी अक्षरांत तिचं नाव,
आणि प्रत्येक प्रतीत, कान देऊन ऐकलं तर, मी.

आता स्टुडिओतला कर्णा पुठ्ठ्याचा. वर पितळी रंग.
लेन्के नावाची पोरगी एतेल्का झालेली;
म्हणजे नाव दुसरंच होतं, पण मला कळलं.
खांद्यांवर हात ठेवले तशी दचकली.
"आजोबा, ढकलू नका ना.
गाणं परवाच घेऊन झालंय, मी नुसते ओठ हलवते."
दिग्दर्शक म्हणाला, हात राहू देत तिथेच, छान दिसतात.
सहा टेक झाले.
सहाही वेळा माझे हात
परक्याच्या घरी बसल्यासारखे बसून राहिले.

पहिल्या खेळाला वरच्या मजल्यावरचं तिकीट दिलं त्यांनी.
पडद्यावर मी मनगटापर्यंतच होतो.
मग तो सूर आला,
उंच, लख्ख, कुठेही न अडखळता,
ताप नसलेल्या बाईचा.

अंधारात माझं बटण खुर्चीच्या दांड्यावर आपटलं.
उशिरा. तेव्हासारखंच उशिरा.

पुढच्या रांगेतली बाई वळून बघायला लागली.
मी हात कोटाच्या खिशात घातले.
तिथे कुणाच्या तरी छत्रीच्या दोन काड्या होत्या,
सोमवारी द्यायच्या.